रियाज पुन्हा पुन्हा सुटतो तेव्हा आधी काय तपासायचं

"वाजवायची इच्छाच होत नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी इच्छेबद्दल काहीच विचारत नाही. वाद्य कुठे ठेवलंय, शेवटचं कधी सुरात लावलं आणि काल बसल्यावर नेमकं काय वाजवलं, एवढंच विचारते. मी हार्मोनियम आणि तबला शिकवते, गिटार-व्हायोलिन-बासरीवाल्यांच्या अडचणीही कानावर येत असतात, आणि हा बिघाड इतक्यांदा पाहिलाय की तो कुठून सुरू होतो हे आता बऱ्यापैकी ओळखता येतं. इच्छा आटणं हे बहुतेक वेळा मूळ दुखणं नसतंच. कुठेतरी एखादी बारीक, दुरुस्त होण्याजोगी गोष्ट बिघडलेली असते. ती रोज थोडा थोडा त्रास देते आणि महिन्याभराने माणूस "मी आळशी आहे" असं स्वतःला सांगून वाद्य कपाटात ठेवतो.

म्हणून खालच्या लक्षणांत वेगळं सांगितलं नसेल तर तपासण्या क्रमानेच करा. सुरुवातीच्या तपासण्यांना पाच-दहा मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही. शेवटच्यांना धीर लागतो. एक उपाय केला की आठवडाभर थांबून बघा, फरक पडला तर पुढे जायची गरज नाही. सगळं एकदम केलं तर कशाने गुण आला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी रियाज सुटला की पुन्हा पहिल्यापासून चाचपडावं लागतं.

लक्षणं

तुमची तक्रार यांपैकी कशाशी जुळते ते आधी बघा, कारण त्यावरून कुठे जास्त वेळ घालवायचा ते ठरतं.

- बसायला जीव जड होतो, पण एकदा बसलं की अर्धा तास कसा गेला कळत नाही. बिघाड सुरुवातीपाशी आहे. पहिल्या तीन तपासण्या पुरतील.
- क्लासच्या आदल्या रात्री घाईघाईत वाजवणं होतं, बाकी आठवडा कोरडा. हाही तिथलाच प्रकार.
- स्वतःच्या वाद्याचा आवाजच नकोसा वाटतो, किंवा थोडं वाजवलं की हात थकतो. चौथी तपासणी आधी करा.
- लगेच बसता, पण दहा मिनिटांत हात आपोआप त्याच जुन्या, येणाऱ्या गाण्याकडे वळतात आणि मग उठता. पाचवी तपासणी.
- एक दिवस चुकला की पंधरवडा जातो. दुसरी आणि सातवी.
- दुखतं, मुंग्या येतात, बोट ऐकत नाही. बाकी सगळं सोडा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

१. वाद्य हाताशी आहे का

मनात आल्यापासून पहिला स्वर वाजेपर्यंत किती कामं करावी लागतात ती मोजा. कपाट उघडायचं, वरची बॅग उतरवायची, चेन उघडायची, स्टँड उलगडायचा, वही शोधायची, मग लक्षात येतं की फोनला चार्जिंग नाही. दमलेल्या माणसाला यातलं प्रत्येक काम "राहू दे, उद्या बघू" म्हणायची एक नवी संधी देतं. त्या क्षणी हरणारी गोष्ट संगीताची आवड नसते, बॅग उतरवण्याचा कंटाळा असतो.

गिटार स्टँडवर ठेवा. तबला-डग्गा चुंबळीवर मांडलेलेच राहू द्या, वर फक्त कापड. हार्मोनियम जिथे बसून वाजवता तिथेच. वही उघडी, पेन्सिल तिच्यात. बसणं आणि कापड काढणं, एवढ्या दोनच कृती उरायला हव्यात.

उघड्यावर ठेवायचं तर जागा बघून ठेवा. थेट ऊन, एसीचा झोत आणि ओल धरणारी भिंत यांपासून लांब. लाकडी वाद्यांना साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. त्याच्या खूप खाली हवा कोरडी झाली तर लाकूड आक्रसतं, तडे जाऊ शकतात; खूप दमट झाली तर ते फुगतं. तबल्याच्या पुडीला तर दमटपणा लगेच कळतो, कातडं सैल पडून सूर उतरतो.

आणखी एक. तानपुरा, लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम, सूर दाखवणारा ट्यूनर हे सगळं आता फोनवर असतं, आणि फोन हातात घेतला की पाच मिनिटं कुठे गेली ते कळत नाही. इंटरनेटशिवाय चालणारं अ‍ॅप घ्या आणि बसण्याआधी फोन फ्लाइट मोडवर टाका.

२. वेळ कशाला बांधली आहे

"रोज संध्याकाळी" ही वेळ होत नाही. "सात वाजता" हीसुद्धा फारशी टिकत नाही, कारण सातला तुम्ही कुठे असाल ते तुमच्या हातात नसतं. रोज नक्की घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला रियाज बांधा: सकाळी दात घासून झाले की, कामावरून येऊन कपडे बदलले की, मुलं झोपली की. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात "अमुक झालं की मी तमुक करीन" अशा नेमक्या बेतांचा सिद्धान्त मांडला. नुसत्या "मी नियमित करीन" या निश्चयापेक्षा असे बेत जास्त पाळले जातात, असं त्यानंतरच्या बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. कारण सोपं आहे. कधी बसायचं हा निर्णय आधीच झालेला असतो, थकलेल्या अवस्थेत तो पुन्हा घ्यावा लागत नाही.

किती दिवसांत सवय लागेल? एकवीस दिवसांचा हिशेब कुणी सांगितला असेल तर विसरा. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एखादी नवी कृती निवडायला सांगून केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एखादी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागत होते, पण माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत बदलत होता. आणि त्या कृती होत्या पाणी पिणं, फळ खाणं, थोडा व्यायाम करणं अशा. रियाज त्याहून अवघड, तेव्हा दोन-तीन महिने धरून चाला.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: मधे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. रियाज मोडतो तो चुकलेल्या दिवसामुळे कमी, आणि "आता साखळी तुटलीच आहे" या विचाराने गेलेल्या पुढच्या दहा दिवसांमुळे जास्त. चुकला दिवस भरून काढायलाही जाऊ नका. उद्या दुप्पट वाजवायचं ठरवलं की उद्याचं बसणं दुप्पट जड होतं.

३. रोजचं माप किती ठेवलं आहे

जवळजवळ प्रत्येकजण उत्साहाच्या दिवशी ठरवलेलं माप थकलेल्या दिवशी पाळायला जातो. एक तास ठरवलेला असतो, हातात वीस मिनिटं असतात, मग वीस मिनिटांत काय होणार म्हणून शून्य होतं.

किमान माप पाच मिनिटं ठेवा. पाच मिनिटं झाली की उठायची पूर्ण मुभा, मनात काही न ठेवता. बरेचदा तुम्ही उठणार नाही, पण ती मुभा खरी हवी. "पाच म्हणत बसवायचं आणि मग ताणायचं" असा डाव स्वतःशी खेळलात तर चार दिवसांत मन सावध होतं आणि पाच मिनिटांनाही नको म्हणतं.

रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा आठवड्यातले सहा दिवस वीस-वीस मिनिटं चांगली. विभागून केलेला सराव जास्त टिकतो हे मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउसने १८८५ साली स्मरणाच्या प्रयोगांवरून दाखवलं होतं. बोटांच्या हालचालींच्या बाबतीत तर झोपेचाही हात असतो: आज अडखळत जमलेली गोष्ट उद्या सकाळी थोडी सुटसुटीत वाटते, कारण मधल्या झोपेत मेंदू ती पक्की करत असतो. वाजवणं आणि झोप अशा सहा जोड्या मिळतात त्या आठवड्याला, रविवारच्या बैठकीत एकच.

४. वाद्य वाजण्याजोगं आहे का

ही तपासणी सगळे टाळतात, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त लोक इथेच विनाकारण स्वतःला दोष देत बसतात. नवशिक्याला वाद्याचा दोष आणि स्वतःचा दोष यांतला फरक कळत नाही. जे वाईट वाजतं ते आपल्यामुळेच, असं तो धरून चालतो.

सगळ्यात आधी सूर. ट्यूनर लावून प्रत्येक तार, प्रत्येक घर तपासा. बेसूर वाद्यावर बरोबर बोट ठेवलं तरी चुकल्यासारखं ऐकू येतं, आणि कान तयार होत असलेल्या माणसाला हे फार थकवतं. का थकलो ते त्याला सांगता येत नाही, फक्त पुन्हा बसावंसं वाटत नाही.

गिटार: बाराव्या फ्रेटवर तारेच्या खालच्या कडेपासून फ्रेटच्या माथ्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारवर ते साधारण दोन ते अडीच मिलिमीटर असावं. तीनच्या वर गेलं की नवशिक्याची बोटं कुरकुरणारच. गिटार सोडणारे पुष्कळजण एफ कॉर्डपाशी सोडतात, तेव्हा ही चाचणी जरूर करा: तोच आडव्या बोटाचा आकार पाचव्या फ्रेटवर धरून बघा. पहिल्या फ्रेटवर तो मुळातच थोडा जड जातो. पण पाचव्यावर सहज वाजत असेल आणि पहिल्यावर जीव काढत असेल, तर मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या नटच्या खाचा उथळ राहिल्या असण्याची शक्यता मोठी. तारा तिथे उंच राहतात आणि पहिल्या फ्रेटपाशी सगळ्यात जास्त जोर मागतात. दुरुस्ती होईपर्यंत पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा किंवा सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवा. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला त्याच्या बोटांत जोरच नाही असं सांगितलं गेलं होतं. त्याने कॅपो लावला आणि त्याच संध्याकाळी कॉर्ड स्वच्छ वाजला. नंतर कारागिराने खाचा खोल करून दिल्या आणि कॅपोची गरजही संपली.

हार्मोनियम: स्टॉप उघडा, भाता भरा आणि कोणतीही पट्टी न दाबता थांबा. आतली हवा हळूहळू उतरायला हवी. दोन-चार सेकंदांतच ती संपत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि अशा पेटीवर डावा हात सारखा पळत राहतो, लांब स्वर धरता येत नाही, खांदा भरून येतो. पट्टी न दाबता एखादा स्वर कण्हत राहिला, तर त्या पट्टीखालची झडप नीट बसत नाहीये. तिथे कचरा असू शकतो.

तबला: पुडीच्या कडेने फिरत समोरासमोरच्या घरांवर एकसारखा स्वर येतो का ऐका. एका बाजूला चढा आणि दुसऱ्या बाजूला उतरलेला असेल तर "ना" कधीच स्वच्छ येणार नाही, कितीही रियाज करा. शाईचे (पुडीवरच्या काळ्या गोलाचे) कण सुटायला लागले असतील तर पुडी बदलायची वेळ आलीय.

सतारीचा नाद बसका झाला असेल तर तारांनी जवारीवर (तारा टेकतात त्या घोडीच्या माथ्यावर) खाचा पाडल्या असतील. व्हायोलिनच्या गजाचे केस गुळगुळीत झाले असतील तर आधी रोझिन (राळ) लावून बघा. बासरी लांब असेल आणि भोकं झाकताना बोटं ताणली जात असतील, तर वरच्या स्वराची, आखूड बासरी घेऊन सुरुवात करा. लांब बासरीला हात नंतर सरावतो.

इथे थांबायचं कुठे तेही सांगते. सूर लावणं, तारा बदलणं, रोझिन, पुसणं हे घरी करा. जवारी काढणं, नटच्या खाचा, गिटारच्या मानेतला सळईचा स्क्रू, हार्मोनियमचे स्वर (आतल्या पितळी जिभल्या) घासणं, व्हायोलिनच्या आतला आधाराचा दांडा यांना हात लावू नका. हार्मोनियमचा स्वर घासून खराब झाला की तो परत आणता येत नाही, आणि जवारी जास्त घासली गेली की नादच जातो. ही कामं कारागिराची.

५. बसल्यावर नेमकं काय करायचं ते ठरलंय का

वर सगळं ठीक असेल तर बिघाड इथे असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. "तासभर रियाज करायचा" हे काम नाही, कारण ते झालं की नाही हे सांगता येत नाही. आणि जे कधी पूर्ण होतच नाही त्याकडे मन दुसऱ्या दिवशी फिरकत नाही.

एक उदाहरण जवळून बघू. तबला शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हातून जाणारा कायदा, म्हणजे बोलांची एक ठरावीक बांधणी, घ्या: धाधा तेटे धाधा तूना, ताता तेटे धाधा धीना. विद्यार्थी सांगतो, "संथ लयीत येतो, लय वाढवली की कोसळतो." तो रोज काय करतो? संपूर्ण कायदा सुरुवातीपासून वाजवतो, जमेल तिथवर लय वाढवतो, कोसळतो, पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्या तासात चुकीचाच सराव शंभर वेळा होतो. उठताना हाती काय, तर आज पुन्हा कोसळलो ही भावना.

आता कोसळतो कुठे ते ऐकू. "धाधा" ठीक आहे. "तेटे" ठीक आहे. अडखळतं ते "टे"कडून पुढच्या "धा"कडे जाताना. "टे" तर्जनीने शाईवर वाजतो आणि लगेच तीच तर्जनी उचलून किनारीवर "धा" वाजवायचा असतो. शाईच्या मध्यापासून किनारीपर्यंतचा तो प्रवास एकाच बोटाला करायचा आहे. संथ लयीत त्याला वेळ मिळतो, जलद लयीत मिळत नाही, मग हात सावरायला मनगट उचललं जातं आणि सगळंच एक क्षण मागे पडतं. म्हणजे सोळा अक्षरांच्या कायद्यात दुरुस्ती हवी आहे ती दोन अक्षरांना.

मग आजचं काम असं ठरतं: फक्त "टेधा". मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर. मनगट शांत, बोटच सरकतंय ना, ते डोळ्यांनी बघायचं. लागोपाठ दहा वेळा स्वच्छ आलं की ६४. पुन्हा दहा. बिघडलं की एक पायरी खाली. आठ मिनिटं. त्यानंतर दोन मिनिटं "तेटे धाधा", आणि शेवटी एकदाच पूर्ण कायदा, आरामाच्या लयीत. वहीत लिहायचं: "टेधा, ७२ स्वच्छ." उद्या सुरुवात ६८ पासून, कारण रोज आदल्या दिवशीच्या टोकापासून सुरुवात केली तर पहिल्याच फेरीत चुका येतात.

गंमत म्हणजे हे कंटाळवाणं वाटतं का असं विचारलं तर बहुतेकजण नाही म्हणतात. कंटाळा तोचतोचपणाचा फारसा येत नाही, काही न बदलता तेच घडत राहण्याचा येतो. ६० वरून ७२ वर गेलेला आकडा वहीत दिसतो तेव्हा उद्या बसायला कारण मिळतं. इच्छा आधी आणि रियाज नंतर अशी वाट बघू नका. माझ्याकडच्या मुलांत तरी मी बहुधा उलटंच घडताना पाहिलंय: आधी एक छोटी गोष्ट सुधारते, मग वाजवावंसं वाटायला लागतं.

हेच हार्मोनियमवरच्या तानेला, गिटारच्या कॉर्डबदलाला, व्हायोलिनच्या तार बदलण्याला लागू करा. कुठे तुटतं ते शोधा, तुटण्याच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक स्वर घ्या, तेवढंच. आणि दुसऱ्या दिवशी काय करायचं ते आज उठण्यापूर्वीच लिहा, कारण नेमकं कुठे अडलं ते तेव्हाच ताजं असतं.

पातळीही बघा. दिलेलं काम इतकं अवघड असेल की दोन आठवडे त्यात काहीच हलत नाही, तर ते तुमच्यासाठी आजचं काम नाही. त्याआधीची पायरी शिक्षकांकडून मागून घ्या. उलट सगळं सहज येत असेल तर पुढचं मागा. बैठकीतला बराचसा भाग जमतोय आणि थोडा भाग झुंजवतोय, असं असलं की माणूस टिकतो.

रोज रियाज आवडायलाच हवा, ही अपेक्षाही सोडून द्यावी असं मला मनापासून वाटतं. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा केलेला अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. दहा हजार तास सराव केला की प्रावीण्य येतं ही गोष्ट त्यातूनच पुढे पसरली, पण त्यातली वेगळीच नोंद माझ्या लक्षात राहिली. एकट्याने केलेला सराव सुधारणेसाठी सगळ्यात महत्त्वाचा, असं त्या वादकांनी सांगितलं. पण आनंदाच्या बाबतीत त्याला काही खास गुण दिले नाहीत. त्यांतले सरस वादक दिवसाला सरासरी साडेतीन तास एकट्याने सराव करत, मधे विश्रांती घेत, आणि चांगले झोपत. आवड त्यांना संगीताची होती, पण म्हणून सरावाचं प्रत्येक मिनिट त्यांना गोड लागत नव्हतं. तुम्हालाही लागलं नाही तर तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका. बैठकीच्या शेवटी मात्र पाच मिनिटं स्वतःच्या आवडीचं काहीतरी, चुका मोजल्याशिवाय, वाजवाच.

६. कुणाच्या कानावर पडतंय का

एकट्याने, बंद खोलीत, कुणासाठीच नाही, असं वर्षानुवर्षं वाजवत राहणं फार थोड्यांना जमतं. दर शनिवारी एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करा, तारीख घालून ठेवा, पण लगेच ऐकू नका. सहा आठवड्यांनी पहिलं आणि सहावं लागोपाठ ऐका. रोज वाजवणाऱ्याला स्वतःची प्रगती ऐकू येत नाही, रेकॉर्डिंगमध्ये ती ऐकू येते.

दुसरा उपाय म्हणजे सोबत. तुमच्याच पातळीचं कुणीतरी शोधा आणि पंधरा दिवसांतून एकदा एकत्र वाजवा. तबल्यावर ठेका धरणाऱ्याला लेहरा (पेटीवर फिरत राहणारी एकच चाल) मिळतो, लेहरा धरणाऱ्याला ठेका. तारीख ठरली की मधले दिवस आपोआप भरतात. घरात आवाजाची अडचण असेल तर व्हायोलिनला म्यूट, ड्रमला सरावाचं पॅड, कीबोर्डला हेडफोन हे उपाय आहेतच.

७. बक्षिसं आणि टिकमार्क

लहान मुलांच्या पालकांनी हे जरूर वाचावं. "अर्धा तास वाजवलंस तर अमुक मिळेल" हा सौदा काही दिवस चालतो. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी मुळात चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. बक्षिसाचं आधी कबूल करून ज्यांच्याकडून चित्रं काढून घेतली, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. न सांगता, अवचित बक्षीस मिळालेल्यांच्या बाबतीत तसं झालं नाही. तेव्हा आधी सौदा करू नका. त्यापेक्षा शेजारी पाच मिनिटं बसा आणि "तो मघाचा भाग पुन्हा वाजव ना" म्हणा. मुलांसाठी याहून परिणामकारक काही मी पाहिलेलं नाही.

मोठ्यांच्या बाबतीत अ‍ॅपमधली सलग दिवसांची साखळी हेच काम करते. तुटेपर्यंत ती ओढते, तुटली की सगळंच सुटतं. खूण करायचीच तर आठवड्यातल्या पाच दिवसांचं लक्ष्य ठेवा, म्हणजे दोन दिवसांची मोकळीक हिशेबातच राहते.

८. शिक्षक, संगीताचा प्रकार, वाद्य

इथवर सगळं करून दोन-तीन महिने झाले आणि तरी काही हललं नाही, तर पुढचे प्रश्न जड आहेत.

शिक्षकांशी बोला, आणि खोटं बोलू नका. "या आठवड्यात पाहुणे होते" हे आम्हाला कळतं, पण त्यातून मदत करता येत नाही. "सर, माझा रियाज होत नाहीये. पुढच्या वेळेपर्यंत एकच छोटी गोष्ट द्याल का?" असं म्हणा. चांगला शिक्षक माप कमी करील आणि बसून कसं वाजवता ते बघेल. दर वेळी चारचौघांत पाणउतारा होत असेल, क्लासला जायच्या विचारानेच पोटात गोळा येत असेल, तर शिक्षक बदला. यात अपराधी वाटून घेण्याचं काही कारण नाही.

मग स्वतःला विचारा, कुणी सांगितलं नसताना तुम्ही काय ऐकता? जे वाद्य किंवा जो प्रकार शिकताय तो मोकळ्या वेळात कधीच कानावर घ्यावासा वाटत नसेल, तर तो बहुधा दुसऱ्या कुणाच्या हौसेने निवडलेला आहे. वाद्य बदलून फुललेले विद्यार्थी मी पाहिलेत. आधी कमावलेलं लयीचं आणि सुराचं भान वाया जात नाही. आणि सध्या आयुष्यात खरंच जागा नसेल, घरात आजारपण असेल, तान्हं बाळ असेल, तर ठरवून तीन महिने थांबा. परत कधी सुरू करायचं ती तारीख लिहा, आणि तोवर स्वतःला बोल लावू नका.

इथे घरचे उपाय थांबवा

दुखणं. नव्या गिटारवादकाच्या बोटांची टोकं हुळहुळणं वेगळं, ते काही आठवड्यांत सरतं. मनगट, कोपर, खांदा किंवा पाठ दुखत असेल, मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, वाजवणं थांबवल्यावरही दुखणं रेंगाळत असेल, तर रियाज थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. दुखण्यातून वाजवत राहिल्याने हात तयार होत नाही, इजा वाढते.

बोट ऐकेनासं होणं. दुखत नाही, पण एखादं बोट वाजवताना आपोआप आत वळतं किंवा ताठ होतं, आणि बाकी कामांत ते ठीक असतं. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात आणि तो मज्जासंस्थेशी संबंधित विकार आहे. पियानोवादक लिओन फ्लायशर यांना १९६० च्या दशकात उजव्या हाताला हा त्रास सुरू झाला. त्यांना कित्येक वर्षं डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचनाच वाजवाव्या लागल्या. पुढे १९९० च्या दशकात उपचारांनंतर ते पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले. या लक्षणावर "अजून रियाज कर" हा सल्ला धोक्याचा आहे. मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे जा.

कान. वाजवून उठल्यावर कानात शिट्टी ऐकू येत असेल तर आवाज जास्त होतोय. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपर्यंत चालतो असं सर्वसाधारण मानलं जातं, आणि दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. ड्रम आणि मोठा अ‍ॅम्प्लिफायर हे आकडे सहज ओलांडतात. इअरप्लग घाला. शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

मन. फक्त वाद्य नकोसं झालंय की सगळंच? मित्र, वाचन, खाणं, एरवी आवडणाऱ्या सगळ्याच गोष्टींतला रस गेला असेल, झोप बिघडली असेल आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस असंच चाललं असेल, तर वरच्या एकाही तपासणीचा उपयोग नाही. ते नैराश्य असू शकतं, त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर वेळेची वाट न बघता आजच जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा.

हाताच्या दुखण्यासाठी जाल तेव्हा शक्य असेल तर वाद्य सोबत न्या. जमण्यासारखं नसेल तर नेहमीच्या जागी बसून वाजवतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या, एक समोरून आणि एक बाजूने. किती मिनिटांनी दुखायला लागतं, कुठल्या हालचालीने वाढतं आणि थांबल्यावर किती वेळ राहतं, ते कागदावर लिहून ठेवा. पुन्हा वाजवायची परवानगी मिळाली की थेट जुन्या मापावर जाऊ नका. पाच मिनिटांपासून सुरू करा आणि दुखलं नाही तरच दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवा.